रॅप्चर संकटाआधी की संकटानंतर? हा वाद अभ्यासाला घेण्याची रीत

बायबल अभ्यासाच्या गटात रॅप्चरचा, म्हणजे प्रभू येईल तेव्हा विश्वासणाऱ्यांना ढगांत उचलून घेतलं जाण्याचा, विषय निघाला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. शेवटच्या काळात यायच्या महासंकटाच्या आधी ते होईल (संकटपूर्व मत), मध्यावर (मध्य-संकट), देवाचा क्रोध उतरण्याच्या जरा आधी (क्रोधपूर्व) की संकटानंतर (उत्तर-संकट), अशी मुख्य चार मतं आहेत. एक जण म्हणतो, ‘प्रभू आज रात्रीही येऊ शकतो.’ दुसरा म्हणतो, ‘आधी ख्रिस्तविरोधक यायचाय.’ मग दोन्हीकडून वचनांची फेकाफेक सुरू होते आणि तासाभराने सगळे आपापल्या जागीच असतात. माणसं हट्टी असतात म्हणून हे होतं असं नाही. दोघांच्या हातातली वचनं तीच असतात, पण ती टांगलेली असतात वेगवेगळ्या खुंट्यांवर आणि खुंट्यांबद्दल कुणी बोलत नाही. पुढची रीत त्या खुंट्या शोधण्यासाठी आहे. तुमचं मत कोणतंही असो, शेवटी ते बदलेलच असं नाही. पण ते कशावर उभं आहे हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

तयारी

सहा बैठका धरा, प्रत्येकी ९० मिनिटांच्या. कमी बैठकांत उरकायला गेलात तर दानीएलाच्या पुस्तकाचा अभ्यास कापला जातो आणि दानीएल कापला की बाकी सगळं हवेत राहतं. गट आठ ते बारा जणांचा असावा. त्याहून मोठा झाला की दोघं-तिघं बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात.

प्रत्येकाजवळ पवित्र शास्त्राची किमान दोन वेगळी भाषांतरं हवीत आणि गटात एकाच्या तरी फोनवर ग्रीक शब्द दाखवणारं, स्ट्राँगच्या क्रमांकांचं (बायबलातल्या प्रत्येक मूळ शब्दाला दिलेल्या क्रमांकांचं) ॲप हवं. ग्रीक यायची गरज नाही. सात-आठ क्रमांक लिहून ठेवले तरी काम भागतं: हार्पाझो ७२६, आपान्तेसिस ५२९, पारूसिया ३९५२, थ्लिप्सिस २३४७, ऑर्गे ३७०९, तेरेओ ५०८३, काटेखो २७२२, आपोस्तासिया ६४६. टीपांसहित संदर्भ-बायबल असेल तर पहिल्या चार बैठका ते बंद ठेवा. पानाच्या तळाची टीप आणि वरचं वचन एकाच शाईत छापलेलं असतं आणि वर्षानुवर्षं वाचणाऱ्याला दोन्हींतली रेघ दिसेनाशी होते. या वादातल्या निम्म्या ‘वचनांचा’ उगम अशा टीपांत सापडतो.

भिंतीवर एक लांब कागद लावा. त्यावर आडवी रेघ ओढून सात वर्षांचे सात सारखे भाग पाडा आणि साडेतीनवर ठळक खूण करा. हे सगळं पेन्सिलने. पेन पाचव्या बैठकीआधी काढायचं नाही.

प्रत्येक वचनासाठी तीन रकाने आखा: वचन काय म्हणतं, काय म्हणत नाही, आणि कोणतं मत तिथे काय जोडतं. मधला रकाना भरायला सगळ्यांत अवघड जातो. तो रिकामा राहिला तर वाचन घाईत झालं असं समजा.

सुरुवात जिथे भांडण नाही तिथून

पहिल्या बैठकीत फक्त १ थेस्सल. ४:१३–१८. ‘रॅप्चर’ हा शब्द बायबलात नाही असं कुणीतरी हमखास म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. सतराव्या वचनातलं ग्रीक क्रियापद हार्पाझो, म्हणजे झडप घालून उचलणं. लॅटिन भाषांतरात तिथे ‘रापिएमुर’ आलं आणि त्याच धातूतून हा शब्द निघाला. हेच क्रियापद फिलिप्पाला आत्म्याने उचलून नेलं तिथे (प्रेषित. ८:३९), पौल तिसऱ्या स्वर्गापर्यंत नेला गेला तिथे (२ करिंथ. १२:२) आणि लांडगा मेंढरांवर झडप घालतो तिथेही (योहान १०:१२) आहे. म्हणजे उचललं जाण्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो केव्हा, आणि त्यानंतर जायचं कुठे, एवढाच.

‘कुठे’साठी त्याच वचनातला दुसरा शब्द पाहा. मराठी शास्त्रात तिथे ‘प्रभूला सामोरे होण्यासाठी’ असं आहे आणि हे भाषांतर झकास आहे. ग्रीक शब्द आपान्तेसिस. तो नव्या करारात आणखी दोन ठिकाणी ठळकपणे येतो: मत्तय २५:६ मध्ये कुमारी वराला सामोऱ्या जातात, आणि प्रेषित. २८:१५ मध्ये रोमचे बंधू पौलाला भेटायला अप्पियाची पेठ आणि तीन उतारशाळा इथपर्यंत येतात. दोन्ही ठिकाणी सामोरं गेलेली माणसं पाहुण्याला घेऊन परत फिरतात. पाहुणा त्यांना घेऊन उलटा जात नाही. संकटानंतर रॅप्चर मानणारे इथे थांबून म्हणतात, बघा, ढगांत भेटून त्याच्यासोबत खालीच यायचंय. संकटापूर्वी मानणारे उत्तर देतात की शब्दाच्या पोटात परतीची वाट सक्तीने नसते, आणि योहान १४:३ मध्ये प्रभू आपल्या लोकांना जागा तयार केलीय तिथे नेतो.

तिसऱ्या रकान्यात दोन्ही लिहा. मधल्या रकान्यात लिहा: ‘ढगांत भेटल्यावर वर की खाली, हे हा परिच्छेद सांगत नाही.’ तो ‘सर्वदा प्रभूजवळ राहू’ एवढ्यावर थांबतो, कारण पौल मेलेल्यांसाठी रडणाऱ्यांना धीर देतोय, वेळापत्रक देत नाही.

सात वर्षं येतात कुठून

दुसरी बैठक दानीएल ९:२४–२७ साठी. आधी गटाला एक प्रश्न टाका: प्रकटीकरणात ‘सात वर्षांचं महासंकट’ कुठे लिहिलंय? शोधू द्या, दहा मिनिटं द्या. सापडणार नाही. तिथे ४२ महिने आहेत (११:२, १३:५), १,२६० दिवस आहेत (११:३, १२:६), ‘एक काळ, दोन काळ व अर्धा काळ’ आहे (१२:१४). ३० दिवसांचा महिना धरला की ४२ महिन्यांचे १,२६० दिवस, म्हणजे साडेतीन वर्षं होतात. सात हा आकडा पूर्ण येतो तो दानीएल ९:२७ मधल्या एका ‘सप्तका’तून. भिंतीवरच्या रेघेचे सात भाग तुम्ही पाडलेत ते या एका वचनाच्या भरवशावर, हे गटाला दिसू द्या.

आता त्या वचनाची तीन वाचनं. एक: सत्तर सप्तकं म्हणजे ४९० वर्षं, त्यातली ६९ मसीहापर्यंत संपली, मग मध्ये मंडळीचं युग, आणि शेवटचं सप्तक अजून पुढे आहे. सर रॉबर्ट अँडरसन यांनी १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात याचा प्रसिद्ध हिशोब मांडला: ४८३ वर्षं गुणिले ३६० दिवस म्हणजे १,७३,८८० दिवस, इ.स.पू. ४४५ पासून इ.स. ३२ पर्यंत. हिशोब देखणा आहे, पण तो जुळवायला वधस्तंभ इ.स. ३२ मध्ये धरावा लागतो आणि बहुतेक अभ्यासक ३० किंवा ३३ धरतात. दोन: सत्तरही सप्तकं सलग, शेवटचं ख्रिस्ताच्या सेवेत आणि मरणात पूर्ण झालं, मध्ये खंड नाही. ही मोजणी सहसा इ.स.पू. ४५८-४५७ च्या हुकमापासून सुरू होते आणि साध्या सौर वर्षांनी इ.स. २६-२७ ला पोचते. तीन: हे सगळं अंतियोख चौथा याच्या काळाबद्दल, म्हणजे इ.स.पू. १६७ च्या मंदिर-विटंबनेभोवती आहे.

दुसरं किंवा तिसरं वाचन धरलं तर ‘सात वर्षांच्या आधी, मध्ये की नंतर’ हा प्रश्नच त्या रूपात उरत नाही. म्हणूनच कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक लुथरन व रिफॉर्म्ड परंपरांत प्रभूचं येणं, पुनरुत्थान, उचललं जाणं आणि न्याय ही एकच घटना मानली जाते. कॅथलिक प्रश्नोत्तरीचा ६७५ वा परिच्छेद तर सरळ म्हणतो की ख्रिस्ताच्या येण्याआधी मंडळीला शेवटच्या कसोटीतून जावं लागेल. गटात त्या परंपरेतलं कुणी नसलं तरी हे मत फळ्यावर लिहा. नाहीतर चार भावांचं भांडण हेच सगळं जग असं वाटू लागतं.

खुंट्या

तिसऱ्या बैठकीच्या सुरुवातीला एकही नवं वचन घेऊ नका. फक्त तीन प्रश्न विचारा आणि प्रत्येकाला कागदावर हो किंवा नाही लिहायला लावा, नाव न घालता.

पहिला: इस्राएल आणि मंडळी या देवाच्या योजनेत कायमच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का? दुसरा: दानीएलचं सत्तरावं सप्तक भविष्यात आहे का? तिसरा: देवाचा क्रोध संपूर्ण संकटकाळभर चालतो का, की त्याच्या शेवटच्या तुकड्यातच?

तिन्हींना ‘हो’ लिहिणारा माणूस जवळजवळ नक्की संकटपूर्व मताचा निघतो. पहिल्याला ‘नाही’ आणि दुसऱ्याला ‘हो’ म्हणणारा सहसा उत्तर-संकट मताचा. पहिल्या दोन्हींना ‘हो’ आणि तिसऱ्याला ‘नाही’ म्हणणारा मध्य-संकट किंवा क्रोधपूर्व मताकडे झुकतो. अपवाद आहेत: इस्राएल आणि मंडळी वेगळी मानूनही रॅप्चर संकटानंतर धरणारे जाणते लोक आहेत. पण गटात हे बहुतेक वेळा जुळतं, आणि चिठ्ठ्या उघडल्यावर लोकांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. आपलं मत मत्तय २४ मधून आलं असं ज्यांना वाटत होतं त्यांना कळतं की ते मत्तयाचं पान उघडण्याआधीच ठरलं होतं.

संकट आणि क्रोध यांतला फरक मात्र इथे नीट उकलून ठेवा, पुढे तोच लागतो. थ्लिप्सिस म्हणजे दाब, छळ, संकट. ‘जगात तुम्हांला क्लेश होतील’ (योहान १६:३३) यातला शब्द तोच. ऑर्गे म्हणजे देवाचा क्रोध. विश्वासणाऱ्यांना क्रोधासाठी नेमलेलं नाही (१ थेस्सल. ५:९) हे सगळीच मतं मान्य करतात. भांडण आहे ते रेघेवर क्रोध कुठून सुरू होतो यावर. प्रकटीकरणात शेवटच्या संकटांच्या गुंडाळीला सात शिक्के आहेत; संकटपूर्व मत म्हणतं, पहिला शिक्का कोकरू, म्हणजे ख्रिस्तच, फोडतं, म्हणजे पहिल्यापासूनच सगळा क्रोध. क्रोधपूर्व मत प्रकटी. ६:१७ कडे बोट दाखवतं: सहाव्या शिक्क्याला लोक ओरडतात, ‘त्यांच्या क्रोधाचा मोठा दिवस आला आहे’, म्हणजे आता येतोय. ग्रीक क्रियापद ‘आला’ असं आहे, आणि ‘आत्ताच आला’ की ‘आधीपासून आला होता’ हे ते एकटं ठरवू शकत नाही. उत्तर-संकट मत म्हणतं, क्रोध पृथ्वीवर उतरला तरी तो देवाच्या लोकांवर नसतो, मिसरातल्या पीडांच्या वेळी गोशेन प्रांत वाचला तसा.

चौथी बैठक: तीन अडकवणारी वचनं

इथे वेळ द्या. हीच बैठक दोन आठवड्यांची झाली तरी हरकत नाही.

प्रकटी. ३:१०. फिलदेल्फियाच्या मंडळीला वचन दिलंय की ‘परीक्षाप्रसंगापासून’ तुला राखीन. ग्रीकमध्ये ‘तेरेओ एक्’ (एक् म्हणजे ‘-तून’), ‘च्यातून राखणे’. ही जोडी नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येते, योहान १७:१५ मध्ये, आणि तिथे त्याच वाक्यात प्रभू म्हणतो की त्यांना जगातून काढून घे अशी माझी विनंती नाही, तर त्यांना त्या दुष्टापासून राख. उत्तर-संकट मताचा हा हुकमी पत्ता. तो पडला की गट गप्प होतो, आणि नेमकं तिथेच थांबू नका. संकटपूर्व मताचं उत्तर ऐका: योहानात राखणं एका व्यक्तीपासून आहे, प्रकटीकरणात एका ‘घटके’पासून, वेळेपासून, आणि ती घटका सगळ्या जगावर येणार आहे. वेळेपासून राखायचं तर त्या वेळी तिथे नसणं हाच साधा अर्थ. मग उलटा प्रश्न: हे वचन पहिल्या शतकातल्या एका खऱ्या मंडळीला दिलं होतं, त्यांच्यासाठी ते कसं पूर्ण झालं? तिन्ही रकाने भरा. या वचनावर कुणी छातीठोकपणे बोलत असेल तर त्याने एकच रकाना भरलाय.

२ थेस्सल. २:१–८. इथे चार गोष्टी क्रमाने पाहा. पहिल्या वचनात ‘प्रभूचं येणं’ आणि ‘त्याच्याजवळ आपलं एकत्र होणं’ यांना ग्रीकमध्ये मिळून एकच उपपद (इंग्रजी ‘the’ सारखा शब्द) आहे, म्हणून एकच घटना असं उत्तर-संकट मत म्हणतं. ‘एकत्र होणं’ याचा धातू मत्तय २४:३१ मधल्या ‘निवडलेल्यांना जमा करतील’ याच्याशी जुळतो. तिसऱ्या वचनात ‘तो दिवस येणार नाही’ हे शब्द मुळात नाहीत; वाक्य अर्धवट सुटलंय आणि भाषांतरकारांनी संदर्भाने ते भरलंय. त्याच वचनातला आपोस्तासिया म्हणजे विश्वासत्याग, बंड. काहींनी त्याचा अर्थ ‘निघून जाणं’, म्हणजे रॅप्चर, असा लावलाय. तो घेतला तर वाद एका फटक्यात मिटतो, म्हणूनच जास्त जपून राहा. त्या काळच्या ग्रीकमध्ये हा शब्द बंड आणि धर्मत्याग याच अर्थी वापरात दिसतो, आणि संकटपूर्व मताच्याही बऱ्याच अभ्यासकांनी हा अर्थ सोडून दिलाय.

मग येतो अडवणारा. सहाव्या वचनात तो नपुंसकलिंगी आहे, ‘अडवणारं ते’. सातव्यात पुल्लिंगी, ‘अडवणारा तो’. मराठीला तिन्ही लिंगं आहेत, तेव्हा हा फरक मराठीत दाखवता येतो. तुमच्या हातातल्या भाषांतरांत तो दिसतो का ते तपासा. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला मंडळीचा लेखक तर्तुलियन याने रोमी राज्य असा अर्थ लावला. संकटपूर्व मत बहुधा मंडळीत राहणारा पवित्र आत्मा म्हणतं, आणि मंडळी गेली की अडसर गेला. मग प्रकटी. ७ मधला मोजता न येणारा समुदाय आत्म्याशिवाय कसा तारला गेला, हा प्रश्न लगेच येतो. उत्तर असं की आत्मा जातो तो मंडळीतल्या वस्तीपुरता, कामापुरता नाही. इतर काही मीखाएल म्हणतात, काही सुवार्तेचा प्रसार. पौल म्हणतो, ‘तुम्हांला ठाऊक आहे’. थेस्सलनीकाच्या लोकांना ठाऊक होतं. पत्र वाचणाऱ्या आपल्याला सांगायची त्याला गरज वाटली नाही.

मत्तय २४:४०–४१. शेतात दोघे, एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल. रॅप्चरच्या चित्रांत हे वचन सर्रास असतं, पण एकोणचाळिसाव्या वचनापासून वाचा: नोहाच्या दिवसांत जलप्रलयाने ‘सर्वांना वाहवून नेलं’. नेले गेले ते वाईट, उरला तो नोहा. लूक १७:३७ मध्ये शिष्य विचारतात ‘कुठे, प्रभो?’ आणि उत्तर गिधाडांचं आहे. म्हणून संकटपूर्व मताचे अनेक अभ्यासकही इथे रॅप्चर पाहत नाहीत. दुसरी बाजू: ‘वाहवून नेलं’ आणि ‘घेतला जाईल’ यांसाठी ग्रीकमध्ये दोन वेगळी क्रियापदं आहेत आणि दुसरं योहान १४:३ मधल्या ‘जवळ घेईन’चं आहे. हे वचन दोन्हीकडे खेचता येतं, म्हणजे पुरावा म्हणून ते कुणाच्याच कामाचं नाही.

प्रत्येक मताचं दुखणं

पाचव्या बैठकीत पेन काढा. प्रत्येक मताचा बाण वेगळ्या रंगाने रेघेवर मारा आणि त्या रंगाने खाली एकच वाक्य लिहा: या मताला सगळ्यांत जड जाणारं वचन कोणतं.

संकटपूर्व मताला २ थेस्सल. १:६–७ जड जातं. छळ सोसणाऱ्या मंडळीला विसावा केव्हा? प्रभू अग्निज्वालेसह देवदूतांबरोबर प्रकट होईल तेव्हा. सात वर्षं आधी नव्हे. पूर्वी पारूसिया म्हणजे गुप्त येणं आणि प्रकट होणं म्हणजे जाहीर येणं, असा शब्दांचा भेद करून हे सोडवत. पण २ थेस्सल. २:८ मध्ये अधर्मी मनुष्याचा नाश पारूसियानेच होतो, आणि तो भेद आज फारसं कुणी पुढे करत नाही. प्रकटीकरणाच्या ३ ऱ्या अध्यायानंतर ‘मंडळी’ शब्द २२:१६ पर्यंत येत नाही हे या मताचं आवडतं निरीक्षण. ते खरं आहे. पण ‘पवित्र जन’ येतात (१३:७, १३:१०, १४:१२), आणि स्वर्गातल्या दृश्यांतही ‘मंडळी’ हा शब्द नाहीच.

उत्तर-संकट मताला ख्रिस्ताचं पृथ्वीवरचं हजार वर्षांचं राज्य जड जातं. शेवटच्या दिवशी सगळे विश्वासी बदललेल्या शरीरांत उठले आणि वाइटांचा नाश झाला, तर त्या राज्यात घरं बांधणारे, मुलं होणारे, मरणारे लोक (यशया ६५:२०–२३) आले कुठून? जखऱ्या १४:१६ मधल्या राष्ट्रांतून उरलेल्यांकडे बोट दाखवतात, पण मत्तय २५ मधला मेंढरं-शेरडांचा न्याय त्याच वेळी धरला तर ते उत्तरही ओढाताणीचं होतं.

मध्य-संकट मत १ करिंथ. १५:५२ मधल्या ‘शेवटच्या कर्ण्या’ला प्रकटी. ११:१५ मधला सातवा कर्णा मानतं. अडचण अशी की करिंथकरांना पत्र गेलं ते पन्नाशीच्या दशकात, आणि प्रकटीकरण बहुतेकांच्या मते ९५ च्या सुमारास. त्यांनी सातव्या कर्ण्याचं नाव ऐकलेलंच नव्हतं. क्रोधपूर्व मत सहाव्या आणि सातव्या शिक्क्यांच्या मध्ये रॅप्चर ठेवतं. त्याचं नाव १९९० नंतर प्रचलित झालं. त्याचं सगळं वजन शिक्के, कर्णे आणि वाट्या, या प्रकटीकरणातल्या संकटांच्या तीन मालिका, एकामागोमाग येतात यावर आहे. त्या एकाच काळाच्या तीन फेऱ्या निघाल्या तर बाण ठेवायला जागाच उरत नाही.

आंशिक रॅप्चर, म्हणजे जागे असतील तेवढेच उचलले जातील, हे मत १९ व्या शतकात रॉबर्ट गोव्हेट यांनी मांडलं. दोन वाक्यांत संपवा: लूक २१:३६ त्याच्या बाजूने आहे, १ करिंथ. १५:५१ मधला ‘आपण सर्व’ त्याच्या विरुद्ध.

‘कधीही येईल’ या मुद्द्याला मात्र जास्त वेळ द्या, कारण तो डोक्यापेक्षा मनाला लागून असतो. तीत २:१३ आणि फिलिप्पै ३:२० मधली वाट पाहणं खरं आहे. पण पेत्राला सांगितलं होतं की तू म्हातारा होशील (योहान २१:१८), पौलाला सांगितलं होतं की तुला रोममध्ये साक्ष द्यायची आहे (प्रेषित. २३:११). ते दोघेही वाट पाहत होते, आणि दोघांनाही मध्ये काय घडणार हे ठाऊक होतं. ‘कधीही’ आणि ‘मध्ये काहीही न घडता’ हे एकच आहे का, एवढा प्रश्न ठेवा आणि पुढे चला.

इतिहास हत्यार म्हणून वापरू नका

संकटपूर्व रॅप्चरची आज दिसते ती मांडणी जॉन नेल्सन डार्बी (१८००–१८८२) आणि प्लिमथ ब्रदरन या ख्रिस्ती गटात १८३० च्या दशकात घडली, आणि १९०९ च्या स्कोफील्ड संदर्भ-बायबलमधल्या टीपांनी ती जगभर पोचवली. एवढं पक्कं. यावरून ‘नवं आहे म्हणून चूक’ असं म्हणणारा आणि ‘नाही, हे प्राचीन आहे’ म्हणत जुन्या ग्रंथांतून तुकडे आणणारा, दोघेही त्याच खड्ड्यात पडतात. मार्गारेट मॅकडोनल्ड या स्कॉटिश तरुणीच्या १८३० च्या दृष्टान्तातून डार्बीने हे उचललं ही कथाही सिद्ध झालेली नाही, ती टाळा.

तुकडा कसा तोडतात याचा एक नमुना गटाला दाखवा. मंडळीचा प्राचीन लेखक इरेनियस दुसऱ्या शतकाच्या शेवटी, पाखंडमतांविरुद्धच्या ग्रंथाच्या पाचव्या पुस्तकात (५.२९.१) लिहितो की शेवटी मंडळी अचानक उचलली जाईल तेव्हा, पूर्वी कधी झालं नाही असं संकट येईल. इथपर्यंतच वाचलं तर तो शंभर टक्के संकटपूर्व वाटतो. पुढचं वाक्य: ही नीतिमानांची शेवटची झुंज आहे, तीत जिंकून ते अविनाशाने मुकुटित होतात. नीतिमान त्या झुंजीत आहेत! दोन वाक्यं एकापुढे एक आहेत, आणि भांडणात पहिलंच ऐकू येतं.

तारखा काढणारा येतोच

एखाद्या बैठकीत कुणीतरी मोबाइलवर बातमी दाखवील आणि हिशोब मांडील. त्याला रागावू नका, हिशोब फळ्यावर लिहायला सांगा. नेहमीचा साचा असा: येशूच्या दाखल्यातलं अंजिराचं झाड म्हणजे इस्राएल, राष्ट्र झालं १९४८ मध्ये, पिढी ४० वर्षांची, बेरीज १९८८. याच पायावर १९८८ च्या सप्टेंबरची तारीख अमेरिकेत गाजली. त्याआधी अमेरिकेतल्या विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ धरली होती, आणि तो दिवस पुढे ‘मोठी निराशा’ म्हणून ओळखला गेला. दक्षिण कोरियात २८ ऑक्टोबर १९९२, अमेरिकन रेडिओ-उपदेशक हॅरल्ड कॅम्पिंग यांची २१ मे २०११ आणि ती चुकल्यावर २१ ऑक्टोबर २०११. खरी चूक बेरजेत नव्हती. ती पहिल्या पायरीत होती. अंजिराच्या हिशोबातच पाहा: लूक २१:२९ मध्ये ‘अंजिराचं झाड व सर्व झाडं’ असं आहे, आणि तिथे इस्राएलचं नावही नाही. फळ्यावर त्या पहिल्या पायरीभोवती गोल करा आणि विचारा, हे कुठे लिहिलंय?

बैठक चालवताना

९० मिनिटं अशी वाटा: २० मिनिटं परिच्छेद मोठ्याने वाचणं, पूर्ण, मध्ये न थांबता, ४० मिनिटं रकाने, २० मिनिटं उलटी बाजू, १० मिनिटं पुढच्या वेळचे प्रश्न. उलटी बाजू म्हणजे ज्याचं जे मत असेल त्याने विरुद्ध मत मांडायचं, आणि त्या मताच्या माणसाने ‘हो, आम्ही असंच म्हणतो’ असं म्हणेपर्यंत मांडायचं. पहिल्या दोन बैठकांत हे वेडंवाकडं होतं, लोक विरुद्ध मताची खिल्लीच उडवतात. तिसऱ्यापासून जमतं. हा भाग वेळेअभावी सोडलात तर बाकीची सगळी मेहनत माहिती गोळा करण्यापुरतीच राहते.

गाडी रुळावरून घसरते ती ठरावीक जागी. ‘संकटपूर्व मानणारे सुखासीन, छळ टाळू पाहणारे’ किंवा ‘उत्तर-संकट मानणारे प्रभूची वाट न पाहता ख्रिस्तविरोधकाची वाट पाहणारे’ असं कुणी म्हटलं की चर्चा माणसांवर गेली. लगेच वचनाचा क्रमांक विचारा. मत्तय २४ आणि १ थेस्सल. ४ एकाच श्वासात वाचले जात असतील तर ते एकाच घटनेबद्दल आहेत हे गृहीत धरलं गेलंय; वेगवेगळे वाचले जात असतील तर वेगळे आहेत हे गृहीत धरलं गेलंय. दोन्ही वेळा रकान्यात तसं नोंदवा. लूक २१:२० मध्ये यरुशलेमभोवती सैन्याचा वेढा आहे आणि मत्तय २४ चा काही भाग इ.स. ७० च्या विध्वंसाबद्दल आहे का, हा प्रश्न कुणी काढला तर तो विषयांतर समजू नका.

लहान मुलं खोलीत असतील तर ‘तू मागे राहिलास तर’ हे वाक्य कुणालाही बोलू देऊ नका. मूल ते आकृतीसारखं वाचत नाही. संध्याकाळी घर रिकामं दिसलं की त्याला ते आठवतं.

सहाव्या बैठकीत तिसऱ्या बैठकीतल्या त्या तीन चिठ्ठ्या पुन्हा लिहून घ्या, तेच प्रश्न, नाव न घालता. या वेळी हो किंवा नाही यांच्यासोबत ‘किती खात्रीने’ हेही दहापैकी लिहायला लावा, आणि ज्या वचनामुळे आकडा खाली आला त्याचा क्रमांक शेजारी. भिंतीवरचा कागद काढण्याआधी त्याचा फोटो घ्या. पुढच्या वेळी नवा गट बसेल तेव्हा त्यांना तो शेवटी दाखवा, आधी नाही.